चाळीस हजारांची उचल आणि मत्तयचा १८वा अध्याय

रविवारी मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) बायबलमधला मत्तय १८ वाचला आणि माझं अर्धं लक्ष शेजारी बसलेल्या पप्पांकडेच. गेल्या सीझनला आमच्या एका खलाशाने ४० हजार उचल घेतली, दोन आठवडे होडीवर आला आणि मग फोन बंद, नंतर कळलं की साहेब मालवणात दुसऱ्याच्या ट्रॉलरवर चढलेत. आमच्या वेंगुर्ल्यात ह्यात नवीन काही नाही, ३१ जुलैला मासेमारीची पावसाळी बंदी संपायची वेळ आली की प्रत्येक होडीवाला खलाशी शोधत फिरतो आणि उचल दिल्याशिवाय कोण येत नाही.

तर मत्तयमधला तो दाखला, म्हणजे बोधकथा. येशूचा शिष्य पेत्र विचारतो भावाला कितीदा माफ करू, सातदा? येशू म्हणतो सत्तर गुणिले सात. आणि लगेच त्या चाकराची गोष्ट, ज्याला राजा १०,००० तालांतांचं कर्ज सोडतो आणि तो बाहेर पडून १०० दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. एक दिनार म्हणजे एक दिवसाचा रोज, एक तालांत म्हणजे ६,००० दिनार. मी मिस्सातच हिशेब केला (देवा माफ कर), रोज ५०० धरला तर राजाने सोडले ३,००० कोटी आणि ह्याने गळा धरला ५० हजारांसाठी. म्हणजे जवळजवळ आमच्या उचलीएवढेच!

पण मला खरं खटकतं ते पुढचं. राजाला कळल्यावर तो माफी परत घेतो, सगळं फिटेपर्यंत छळणाऱ्यांच्या ताब्यात देतो. अरे मग सत्तर गुणिले सात कुठे गेलं, राजाने तर दुसरा चान्सपण दिला नाही. फादर म्हणाले शिक्षा कर्जाची नाही, निर्दयपणाची आहे. पटतं, पण पूर्ण नाही, कारण कर्ज तर परत त्याच्या डोक्यावर बसलंच ना. बायबलच्याच निर्गम ३४ मध्येपण तेच, देव दयाळू, पापांची क्षमा करणारा, आणि त्याच दमात दोषीला मोकळं न सोडणारा, वर तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत. मग पुढे यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा १८वा अध्याय म्हणतो बापाचं पाप पोराच्या डोक्यावर नाही. बायबलच स्वतःशी भांडतंय असं वाटतं कधीकधी, आणि मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी तो उचल घेऊन गेलेला खलाशी खळ्यात (अंगणात) येऊन उभा. "काका, चुकला माझा." पप्पा जाळं शिवत होते, मान वर नाही केली. म्हणाले, "पैशे सोडलंय मी. पन होडयेर घेवचंय नाय." आईने चहा दिला, तो पिऊन गेला.

ही माफी की शिक्षा? मला वाटतं दोन्ही, आणि पप्पांचं चुकलं असंही म्हणवत नाही, मासेमारीत भरवसा नसलेला माणूस म्हणजे बाकीच्यांच्या जिवाशी खेळ.

रात्री डिझेलचा हिशेब लिहायला त्यांची वही काढली. गेल्या वर्षीच्या पानावर त्याचं नाव, पुढे ४०,०००, खाली दोनदा मारलेली रेघ. खोडलेलं नव्हतं. मी पान उलटलं आणि डिझेल लिहिलं.