तीव्र मध्यमावर अडलेली गिटार

१३ फेब्रुवारी २०२६, शुक्रवार

ब्लॅक सॅबथ या इंग्लिश हेवी मेटल बँडचा पहिला अल्बम इंग्लंडमध्ये आला तोही १३ फेब्रुवारीलाच, १९७० साली, आणि तेव्हाही शुक्रवारच होता. वार-तारीख अशी जुळल्यावर तो न ऐकता झोपणं शक्यच नव्हतं. त्यांचा गायक ऑझी ऑस्बोर्न गेल्या जुलैमध्ये गेला, त्यानंतर हा अल्बम सलग ऐकायचं मी टाळत होते. आज पहिल्या पावसापासून शेवटापर्यंत ऐकला.

सुरुवातीला, बँडच्याच नावाच्या शीर्षकगीतात, पाऊस, घंटा, मेघगर्जना. हे सगळं मागाहून जोडलेलं. मग टोनी आयोमीची गिटार येते, तीन स्वर घेऊन. सा, वरचा सा, आणि तिथून खाली तीव्र मध्यम. आपल्या कानांना तीव्र मध्यमाची काय भीती! यमनात तो किती गोड लागतो. पण तिथे तो पंचमाकडे किंवा गंधाराकडे जाणार हे ठाऊक असतं. आयोमी त्याला कुठेच जाऊ देत नाही. त्या स्वरावर हात थरथरवत ठेवतो आणि पुन्हा सा. पंचम येतच नाही. तो न आल्यामुळे जी बेचैनी वाटते, तीच या गाण्याची खरी भीती आहे. पाऊस आणि घंटा काढून टाकल्या तरी ती तसूभर कमी होणार नाही.

आणि लय! इतकी विलंबित, की दोन आघातांच्या मधली जागासुद्धा ऐकू येते. नेमकं हेच तेव्हाच्या समीक्षकांना रुचलं नाही. रोलिंग स्टोन या अमेरिकन मासिकात लेस्टर बँग्जनं अल्बम पार झोडपला. ही क्रीम बँडचीच नक्कल, पण त्याहून वाईट, आणि वादकांचा एकमेकांशी मेळ नाही, असा त्याचा सूर. रॉबर्ट क्रिस्टगाऊनंही धुडकावून लावला. मला राग येतो तो नापसंतीचा नाही. क्रीमचा गिटारवादक एरिक क्लॅप्टन, त्याची चपळाई हेच माप मनात धरून ऐकायला बसलं, तर आयोमी कमीच पडणार. पण तो त्या शर्यतीत होताच कुठे?

त्याची बोटं आठवावीत. बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात, कामाच्या शेवटच्या दिवशी, उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तुटली. वय सतरा. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात हाच. कारखान्यातल्या मुकादमानं त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून ऐकवली. आगीत भाजल्यामुळे ज्याची दोन बोटं जवळजवळ निकामी झाली, तो हा जिप्सी गिटारवादक. मग आयोमीनं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं, तारा हलक्या लावल्या. पूर्ण पंजा पसरून घ्यायचे कॉर्ड (एकत्र छेडलेले स्वर) अवघड, म्हणून दोन-तीन स्वरांचे जाडजूड कॉर्ड. तो वजनदार आवाज या अडचणीतून वाट काढताना तयार झालाय. त्या मुकादमाचे उपकार मी फार मानते.

अल्बम रेकॉर्ड झाला १६ ऑक्टोबर १९६९ ला, लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत, एका दिवसात. निर्माता रॉजर बेन. क्लबांमध्ये वाजवत होते तसंच वाजवलं, ऑझी त्याच वेळी गायला. पहिलं गाणं होताहोताच आयोमीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचा पिकअप (तारांचा आवाज पकडणारा भाग) गेला. बाकीचा अल्बम त्यानं गिब्सन एसजी या दुसऱ्या गिटारवर उरकला. पुढे आयुष्यभर तेच गिटार त्याची ओळख झालं.

मुखपृष्ठावरची काळ्या कपड्यांतली बाई आणि मेपलडरहॅमची पाणचक्की मला आवडते. आतल्या पानांवरचा उलटा क्रूस मात्र बँडला न विचारता छापला गेला, आणि सैतानपूजेचा शिक्का बसला तो बसलाच. पण शीर्षकगीत नीट ऐकलं तर त्यातला माणूस समोर काळी आकृती बघून घाबरलाय, देवाकडे मदत मागतोय. ऑझीचा आवाज तिथे अक्षरशः केविलवाणा होतो. सैतानाचं कौतुक यात कुणाला कसं ऐकू आलं असेल?

रेडिओची फारशी साथ नव्हती, परीक्षणं अशी, तरी इंग्लंडमध्ये अल्बम खपाच्या यादीत आठव्या क्रमांकावर गेला, अमेरिकेत तेविसाव्या. कारखान्यांच्या गावातल्या पोरांना या आवाजात आपलं काहीतरी सापडलं असणार, असं मला ठाम वाटतं. बँग्जबद्दलही न्यायानं लिहायला हवं: दोन वर्षांनी त्यानं दुसऱ्या एका मासिकात सॅबथवर लांबलचक आणि आस्थेनं लिहिलं. रोलिंग स्टोननं २००३ साली सर्वोत्तम पाचशे अल्बमची यादी केली, तीत हाही घेतला.

सगळंच थोर आहे असं नाही. ‘ईव्हिल वुमन’ हे दुसऱ्या बँडचं गाणं, इथे उपरं वाटतं. ‘वॉर्निंग’मधला गिटारचा सोलो मला आजही लांबलाय असंच वाटलं. पण मेळ नाही हा आरोप मी मुळीच मान्य करणार नाही. ‘द विझर्ड’मध्ये ऑझीच्या माउथ ऑर्गनमागे ड्रमवर बिल वॉर्ड काय वाजवतो! त्याचे कान जॅझवर पोसलेले. गिटारच्या दोन वाक्यांमधल्या प्रत्येक फटीत तो काहीतरी भरतो आणि समेवर बरोबर हजर असतो. गीझर बटलरचा बास गिटारला चिकटून चालतो आणि मध्येच वेगळी वाट धरतो. उद्या हेडफोन लावून फक्त या दोघांसाठी पुन्हा ऐकणार आहे.