पायी मरियमपूर

२०२४ साली होळी आणि ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार एकाच दिवशी आले. सकाळी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे आमची सामूहिक उपासना, झाली, हातातली झावळी पिशवीत खोचली आणि ऊन कलल्यावर आम्ही अमरावतीहून निघालो. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारच्या संध्याकाळपर्यंत चिखलदऱ्याजवळच्या मरियमपूरच्या चर्चला पोचायचं होतं. फादर, दोन सिस्टर, आमच्या भागातल्या बाया, कॉलेजातली पोरं, आणि सगळ्यांच्या पुढं सागवानी क्रूस. क्रूस आळीपाळीनं घ्यायचा. सामान टेम्पोत.

मी का निघाले ते आधी सांगते. आमची दीड एकर संत्रा होती. २०२२ च्या पावसाळ्यात वावरात पाणी तुंबलं. जमीन काळी, भारी; पाणी मुरेना. बुंध्यांतून डिंक गळू लागला. डिंक्या. यांनी रोगट साल खरवडली, बोर्डो मलम लावला, चर खोदून पाणी काढलं. पानं पिवळी पडली ती पडलीच. संत्र्याचं झाड धरायला पाच-सहा वर्षं जातात, मरायला एक पावसाळा पुरला. शेवटी कुऱ्हाड लावली, आणि वर्षभर त्याच लाकडांवर आमचा स्वयंपाक झाला. तेव्हापासून हे चर्चमध्ये आले नाहीत. भांडण नाही, आदळआपट नाही. रविवारी मला गाडीवर फाट्यापर्यंत सोडतात आणि परत फिरतात. एकदाच म्हणाले, "देवाचा काय हेतू होता, तेवढं विचारून ये." तेच विचारायला मी निघाले होते.

पहिल्या संध्याकाळी वलगाव. पेढी नदीच्या पुलाजवळ गाडगेबाबांनी देह ठेवला, तिथं सगळे क्षणभर थांबलो, हात जोडले, पुढं निघालो. रात्री गावोगाव होळ्या पेटल्या होत्या.

टेम्पोवर भोंगा होता. त्यावर हिंदी गाणी एवढ्या जोरात लागायची की शेजारी चाललेल्या बाईची जपमाळ ऐकू येईना. मी दोनदा सांगून पाहिलं. पोरं आवाज कमी करत आणि पुढच्या वळणावर पुन्हा वाढवत. आमच्यासोबत एक प्रचारक भाऊ होते, माणूस सेवाभावी, पण प्रत्येकाच्या दुःखावर त्यांच्याकडं उत्तर तयार. माझ्या बगिच्याचं कळल्यावर लगेच म्हणाले, "ताई, सगळं चांगल्यासाठीच होतं. देवाची योजना असते." रोमकरांना लिहिलेल्या पत्रातलं वचन मलाही पाठ आहे. पण ते लिहिणाऱ्या पौलानं पाच वेळा एकोणचाळीस फटके खाल्ले होते, एकदा दगडमार सोसला होता, तीनदा त्याचं गलबत फुटलं होतं. त्याच्या तोंडून मी ते ऐकून घेते. रस्त्यानं चालता चालता कुणी ते माझ्या हातावर ठेवलं की माझा जीव जळतो. मी काही बोलले नाही. जपमाळेची पुढची पाच रहस्यं मोठ्यानं म्हटली.

धुळवडीच्या दिवशी आसेगावच्या अलीकडं पाय गेला.

सकाळपासून टाचेखाली काहीतरी सरकत होतं. दुपारी डांबर तापलं, चपलेचा पट्टा आत घासू लागला, आणि डाव्या तळव्याला रुपयाएवढा फोड आला. त्याच्या शेजारी दुसरा, लहान. सणामुळं दुकानं बंद, मेडिकल बंद. रस्त्यावर रंगानं माखलेली पोट्टी गाड्यांवर तिघं-तिघं बसून ओरडत जात होती. टेम्पो पुढं गेलेला. मी सोबतच्या बायांना म्हटलं, तुम्ही व्हा पुढं, मी येते सावकाश. त्या थांबत होत्या, मीच लोटल्या. मला एकटीला राहायचं होतं. दुखणं होतं आणि रागही होता, नेमका कुणावर ते सांगता येत नव्हतं.

रस्त्याला लागून संत्र्याचा बगिचा होता. धुऱ्यावरच्या निंबाखाली बसले. आतून मोटरचा आवाज येत होता. थोड्या वेळानं हातात फावडं घेतलेली एक म्हातारी बाहेर आली. नऊवारीचा काचा मारलेला, पाय चिखलात भरलेले, कपाळावर बुक्का.

"काऊन व बाई, लंगडून रायली होती?"

म्हटलं, फोड आला मावशी.

"दाखव."

मी पाय मागं घेतला. परक्या बाईच्या हातात पाय कसा द्यायचा? तिनं विचारलंच नाही. फावडं ठेवलं, माझ्यासमोर फतकल मारून बसली आणि पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. अंगठ्यानं फोडाची कड चाचपली. मी फोडायला म्हणून पिन काढली होती, ती तिनं हातातून घेतली आणि बाजूला टाकली.

"फोडू नको त्याले. कातडं निंघालं का तीन दिवस पाय टेकत नाई."

कमरेचा बटवा सोडला. त्यात तंबाखू, चुन्याची डबी आणि कागदात गुंडाळलेली सुई होती. काडी पेटवून तिनं सुईचं टोक त्यावर धरलं, लाल होऊ दिलं. मग पांढरा दोरा ओवला, तोंडात न घेता, विहिरीच्या पाण्यानं ओला करून. फोडाच्या एका कडेनं सुई आत घातली आणि दुसऱ्या कडेनं बाहेर काढली. मी डोळे मिटले होते, पण काही दुखलं नाही. दोरा दोन्हीकडं बोटभर सोडून तोडला. दोऱ्यावरून पाणी ठिबकू लागलं.

"दोरा आतच राहू दे. त्याच्या वाटंनं पाणी निंघत जाते, कातडं वरून तसंच राह्यते. त्याच्या खाली नवं येते. मंग दोरा काढाचा."

हे कुठं शिकलात विचारलं. म्हणाली, वारीत. ती कौंडण्यपूरच्या पालखीसोबत पंढरपूरला जाते. रुक्मिणीच्या माहेरची पालखी ती, चारशेहून अधिक वर्षांची. आषाढात पोचायचं तर अर्धा महाराष्ट्र तुडवावा लागतो. त्या वाटेवर किती पायांत तिनं दोरे घातले असतील.

मग तिनं माझी चौकशी केली. कुठं निघाली, सोबत कोण, तुमचा देव कुठी हाय. मी मरियमपूर सांगितलं, चर्च सांगितलं. गळ्यातला क्रूस बघून म्हणाली, "येसूबाबाचे लोकं तुम्ही. बरं. तुमच्यातई देव पायी बोलावते?"

म्हटलं, बोलावलं कोणी नाही मावशी, मीच मनानं निघाले.

"आपण कोणी आपल्या मनानं नाई निंघत व."

एवढं म्हणून ती पाणी फिरवायला गेली. धुळवड असूनही ती वावरात एकटी होती, कारण शेतीच्या विजेची लाइन दिवसाची होती. त्या फीडरला, म्हणजे तिकडच्या वीजवाहिनीला, तेव्हा आठवडाभर रात्रीची लाइन असायची, मग दिवसाची यायची. पोरगा रंग खेळायला गेलेला. दिवसाची लाइन चुकवली तर बाग तहानलेली राहते. मी झाडांकडं पाहत होते. आंबिया बहाराची, थंडीच्या शेवटी आलेल्या फुलांची, फळं वाटाण्याएवढी धरली होती. बुंध्यांना निळसर पांढरा बोर्डो मलम लावलेला. अंगात कळ आली. आमच्या झाडांना यांनी अस्साच लावला होता.

ती परत आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ज्या बाईचं नावही ठाऊक नाही, तिला. डिंक, चर, कुऱ्हाड, यांचं फाट्यावरून परत फिरणं. आणि आमच्या चर्चमध्ये एका शिबिरात ऐकलेलंही सांगितलं, की संत्र्याला फुलायला ताण द्यावा लागतो, पाणी तोडावं लागतं, तसा देव आपल्याला ताण देतो.

म्हातारीनं ते नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताण द्याचा तं झाडापाशी रोज याव लागते. पान कोमेजलं पायजे, वाळलं नाई पायजे. चार रोज जास्त झाले का फांदी मरते. ताण देणारा माणूस घरी झोपत नाई बाई." थोडं थांबून, "पण तुही झाडं तं पाण्यानं मेली."

हो, म्हटलं. पाण्यानं मेली.

"मंग ते ताण नोयते."

दीड वर्षात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या नुकसानीला नुकसान म्हटलं होतं. मी रडायला लागले. ती उगी उगी म्हणाली नाही.

"देवापाशी रडली का?"

नाही.

"काऊन? मी तं भांडतो इठ्ठलाशी. तो काय परका हाय?"

निघताना तिनं भाकरीचा अर्धा तुकडा आणि ठेचा दिला, उपास नाही ना विचारून. मी पाया पडले. आसेगावपर्यंतचा उरलेला रस्ता मी जपमाळ न म्हणता चालले, आणि देवाला जे म्हणायचं होतं ते म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. स्तोत्रसंहितेत दावीद विचारतो, कुठवर, प्रभू, कुठवर? ते मी लहानपणापासून वाचते, आणि वाचून पान उलटते. त्या दिवशी पूर्णेच्या पुलावर मी तेच विचारत होते, माझ्या शब्दांत, आमच्या वावराचं नाव घेऊन. उत्तर आलं नाही. पण जो ऐकतच नाही त्याच्याशी माणूस एवढा वेळ बोलत नाही, हे मला पुलाच्या दुसऱ्या टोकाला कळलं. दीड वर्ष मी त्याच्याशी सभ्यपणे वागत होते.

मधले दिवस एकमेकांत मिसळून गेलेत. अचलपूर, परतवाडा, कोठाऱ्याच्या कुष्ठरोग रुग्णालयाच्या अलीकडं की पलीकडं कुणीतरी पाजलेला उसाचा रस, धामणगाव गढीच्या मुक्कामात डास. एका रात्री भोंग्याची बॅटरी उतरली. सकाळी आम्ही टाळ घेऊन अभंगाच्या चालीवरची आपली भजनं म्हटली आणि मला वाटलं, हे असंच राहावं.

गुरुवारी पहाटे घाट चढायला लागलो. वळणावळणाला क्रूसाच्या वाटेचं एकेक स्थान, म्हणजे येशूनं क्रूस वाहून नेला त्या वाटेवरचा एकेक प्रसंग. दोन्ही बाजूंना पळस पेटलेला, मोहाखाली कोरकू बाया टोपल्या घेऊन फुलं वेचत होत्या. मोथ्याच्या अलीकडं पोरांनी रस्त्यावर दोरी धरली. मेळघाटात होळीनंतर फगवा मागतात, गाडी असो की पायी माणूस, दिल्याशिवाय सुटका नाही. आमच्याकडं होतं काय? सिस्टरनी गूळ-फुटाणे वाटले. पोरं खूश झाली, ढोलकी वाजली, थोडं नाचून घेतलं. आमची कॉलेजची पोरंही त्यात मिसळली. कुणी नाक मुरडलं, पवित्र आठवडा आहे म्हणून. फादर स्वतः टाळ्या वाजवत होते.

तेव्हा क्रूस आमच्यातल्या एका वयस्क काकांकडं होता आणि ते धापा टाकत होते. फगवा मागणाऱ्यांतला एक तरणा पोरगा दोरी सोडून आला, काही न विचारता क्रूसाखाली खांदा दिला आणि चालू लागला. पुढच्या वळणापर्यंत नेला. तिथं दगडाला टेकवून ठेवला, हात झटकले, हसला आणि पळत खाली गेला.

ते पाचवं स्थान, शिमोनाचं, होतं की नाही आठवत नाही. प्रचारक भाऊंनी शिमोन कुरेनेकराची गोष्ट सुरू केली. त्यांनी थांबावं असं मला वाटत होतं, पण कान त्यांच्याकडंच होते. शिमोन रानातून येत होता. त्याला धरलं आणि येशूचा क्रूस वाहायला लावला. त्याला कुणी हेतू सांगितला नव्हता, त्या वेळी तर तिथं कुणालाच तो कळला नव्हता. शुभवर्तमान लिहिणारा मार्क त्याच्या पोरांची नावंसुद्धा देतो, आलेक्सांद्र आणि रूफ. म्हणजे ज्यांच्यासाठी मार्कानं लिहिलं, त्यांना ती पोरं ओळखीची असावीत. त्या दुपारपासून त्यांच्या ओळखीपर्यंत शिमोनाच्या घरात काय काय झालं असेल, ते कुठंच लिहिलेलं नाही. मी घाटभर त्याच्या बायकोचा विचार करत होते. नवरा रानातून उशिरा घरी आला, खांदा सोललेला, आणि का ते त्याला नीट सांगता येईना.

मरियमपूरला पोचलो. गारवा होता. संध्याकाळच्या मिस्सेत पाय धुवायला बाराजणं निवडली, त्यात मलाही बसवलं. २०१६ पासून त्या विधीत बायकांनाही घेता येतं. फादरांनी तांब्यातून पाणी ओतलं, दोऱ्याची टोकं त्यांना दिसली. त्यांनी तेवढा भाग जपून पुसला. मला आसेगावच्या मावशीची मांडी आठवली आणि मी मनातल्या मनात तिच्यासाठी नमो मारिया, मरियामातेची प्रार्थना, म्हटलं. विठ्ठलाला चालेल की नाही हा विचार आला आणि गेला.

ईस्टरनंतर घरी आले. यांनी आधी पाय बघितला, मग विचारलं, काय म्हणाला देव? मी खरं ते सांगितलं. हेतू सांगितला नाही. पण मी भांडले आणि त्यानं मला उठून जाऊ दिलं नाही. हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले की ज्यावर कलम बांधतात तो खुंट जंबेरीपेक्षा रंगपूर लाइमचा असला तर डिंक्यापुढं जास्त टिकतो, पावसाळ्यात गादीवाफ्यावर थोडी कलमं लावून बघू. दीड एकर नको, आधी अर्धा.

यांनी अजून चर्चची पायरी चढलेली नाही. मी रोज सकाळी चूल पेटवताना दोघांसाठी बोलते, जे वाटतं ते स्पष्ट बोलते. वाचणाऱ्यांनी आमच्या त्या अर्ध्या एकरासाठी आणि यांच्यासाठी एकदा प्रार्थना करावी. आसेगावच्या मावशीसाठीही करा. नाव मला माहीत नाही, देवाला ठाऊक आहे.