खंड्या पोचला टुकला!
उत्तर कॅनडातल्या इनुविकहून टुकटोयाकटुकला, म्हणजे टुकला, आलो आज गाडीने, मागच्या सीटवर आमचा कुत्रा खंड्या. २०१७ ला हा रस्ता झाला, त्याआधी हिवाळ्यात गोठलेल्या नदी-समुद्रावरून गाड्या जायच्या आणि उन्हाळ्यात विमान नाहीतर बोट. १३८ किलोमीटर नुसती खडी, खालची जमीन कायमची गोठलेली, खोदली तर वितळते म्हणून वरूनच भराव टाकलाय, मधे ना पंप ना टपरी, आणि खंड्याला शू करायला उतरवलं की डासांची फौज हजर, त्याच्या नाकावर डास, माझ्या चहात डास!! गावाजवळ पिंगो दिसले, म्हणजे पोटात बर्फ असलेल्या टेकड्या, त्यातला इब्युक तर ४९ मीटर उंच. खंड्याला काय त्याचं, तो थेट आर्क्टिक समुद्रात, आणि लगेच बाहेर 😂 इथली स्लेजची, म्हणजे बर्फावरची गाडी ओढणारी, कुत्री साखळीला बांधलेली, कामाची जनावरं ती, आमच्या लाडोबाला बघून अशी काही ओरडायला लागली की म्हटलं चल बाबा इथून. एका आजींनी विचारलं, हा स्लेज ओढतो का? म्हटलं नाही हो, फक्त पांघरूण ओढतो. रात्रीचे अकरा वाजलेत, बाहेर लख्ख ऊन, आणि साहेबांना अजून फिरायला जायचंय.