शंटवरचे ते दोन छोटे स्क्रू

बॅटरी बँकेच्या पॅनेलवरचा मीटर १५२ अँपिअर दाखवत होता. केबलला डीसी क्लॅम्प मीटर लावला तर १२०. झिरो करून पुन्हा लावला, तरी १२०च.

मीटर ज्याच्यावरून प्रवाह मोजतो तो शंट, म्हणजे केबलच्या मार्गात बसवलेला अगदी कमी रोधाचा तुकडा, २०० अँपिअर, ७५ मिलिव्होल्टचा; २०० अँपिअरला त्याच्यावर ७५ मिलिव्होल्ट पडतात. निवड चांगलीच होती. शंट सतत चालवायचा तर रेटिंगच्या दोन तृतीयांशापर्यंतच चालवावा, आणि १२० त्याच्या आत बसतो. मग पहिला संशय मीटरवर. ६० मिलिव्होल्टचा मीटर ७५च्या शंटला जोडला की रीडिंग सव्वापट येतं, म्हणजे १५०. आकडा इतका जवळ होता की मी मीटर बदलायलाच निघालो होतो.

पण तासाभरात मीटर १५८वर गेला. क्लॅम्प अजून १२०वरच. मीटर चुकीचा असता तर चूक एकाच पटीत राहिली असती, अशी सरकली नसती. शंट तापला म्हणून म्हणावं, तर त्याच्या पट्ट्या मँगनिन या मिश्रधातूच्या. तापमानाने त्याचा रोध जवळजवळ बदलतच नाही, म्हणून तर शंटला तो वापरतात.

टॉर्च मारून पाहिलं. मीटरच्या दोन्ही बारीक वायरी मोठ्या बोल्टखाली, केबलच्या लगवर, म्हणजे तिच्या टोकाच्या धातूच्या कडीवर, दाबलेल्या. शंटच्या दोन टोकांच्या ठोकळ्यांवरचे, खास मीटरच्या वायरींसाठी असलेले छोटे स्क्रू रिकामेच!

मल्टिमीटर मिलिव्होल्टवर घेतला. छोट्या स्क्रूंवर ४५.० मिलिव्होल्ट. १२० अँपिअरला येतात तेवढेच. मोठ्या बोल्टांवर ५९. वरचे १४ लग आणि ठोकळ्याच्या सांध्यातले. शंटचा रोध मुळात ०.३७५ मिलिओहम, तिथे ०.१ मिलिओहमचा सांधाही केवढा मोठा! आणि सांधा तापेल तसा हा आकडा वाढतच जाणार.

"साहेब, वायरी छोट्या स्क्रूवर घेतल्या की झालं ना?" सोबतचा मुलगा म्हणाला.

मीटर बरोबर दाखवू लागला असता, हे खरं. पण डाव्या बोल्टवर एकट्यावर १३ मिलिव्होल्ट पडत होते, म्हणजे तिथे दीड वॅटहून जास्त उष्णता. तो सांधा तसाच सोडायला माझं मन तयार नव्हतं. चार्जर आणि लोड बंद केले, बॅटरीचा फ्यूज काढला आणि बोल्ट उघडला. लग आणि ठोकळ्याच्या मध्ये वॉशर घातलेला होता, काळा पडलेला. तो काढला, दोन्ही पृष्ठभाग घासून साफ केले, लग थेट ठोकळ्यावर बसवून बोल्ट टॉर्क रेंचने आवळला. वायरी छोट्या स्क्रूंवर घेतल्या.

चार्जर चालू केला. मीटरवर १२०. डाव्या बोल्टावर पुन्हा प्रोब टेकवले, तर एक मिलिव्होल्टही भरेना.