प्लेटलेट्स द्यायला जाण्याआधी

कर्करोगाची केमो चालू असलेल्या एका मुलाला एसडीपी, म्हणजे एकाच दात्याच्या प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी), हव्या होत्या. रामबागेतल्या वहिनींचा निरोप आला, रक्तगट जुळत होता, मी गेले. रक्तदान पूर्वी केलं होतं, पण मशीनवर पहिल्यांदाच. इंदुरात ज्यांना असा फोन येईल त्यांनी एवढं वाचून जावं.

सगळ्यात आधी, वेळ काढून जा. गेलं की लगेच खुर्चीत बसवत नाहीत. नमुना घेतात: हिमोग्लोबिन किमान 12.5, प्लेटलेट्स दीड लाखाच्या वर, शिवाय एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग, मलेरिया. रिपोर्ट यायला काही तास लागतात. वजन 50 किलो तरी हवं. कोपराजवळची शीर बारीक निघाली तर परत पाठवतात. मनाला लावून घेऊ नका. गेल्या तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतली असेल तर न विचारताही सांगा. त्या गोळीने प्लेटलेट्सचं कामच बंद पडतं, मग त्या मुलाला त्यांचा काय उपयोग?

उपाशी जाऊ नका, पण कचोरी, जिलबी त्या दिवशी नकोच. तेलकट-तुपकट खाल्लं की प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, दुधाळ होतो आणि पिशवी वाया जाऊ शकते. मी पोहे खाल्ले, वर शेव न घालता, आणि पाणी भरपूर प्यायले.

सुई एकाच हातात होती. थोडं रक्त मशीनमध्ये जातं, प्लेटलेट्स वेगळ्या होतात, उरलेलं त्याच सुईने परत येतं; असं तासभर, कधी दीड तास. रक्त जाताना हातातला चेंडू दाबायचा, परत येताना हात सैल सोडायचा. परत येणारं रक्त गार लागतं, शाल न्याच. मध्येच माझ्या ओठांना मुंग्या आल्या. गोठू नये म्हणून रक्तात सायट्रेट मिसळतात, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. मशीन सांभाळणाऱ्या ताईंना सांगितल्याबरोबर त्यांनी मशीनचा वेग कमी केला, कॅल्शियमची गोळी चघळायला दिली. सोसत बसू नका, लगेच बोला.

पिशवीत जमतं ते लाल नसतं. फिकट पिवळं, ताईंनी उजेडात हलवून दाखवलं तर आत रेशमासारखी झाक फिरत होती.

मुलाच्या बाबांनी पाकीट पुढे केलं. ते घ्यायचं नसतं. पैसे घेऊन रक्त द्यायला आपल्या देशात 1998 पासून बंदी आहे. मशीनला लागणाऱ्या किटचा खर्च त्यांच्यावर पडलेला असतोच.

दिलेल्या प्लेटलेट्स शरीर दोन-तीन दिवसांत भरून काढतं. नियमाने 48 तासांनी पुन्हा देता येतात, वर्षातून 24 वेळांपर्यंत. पेढीत मात्र त्या पाचच दिवस टिकतात, साठा करून ठेवता येत नाही. दिवाळीत अर्धं इंदूर गावाला जातं, केमो चालूच असते. त्या आठवड्यात इथे असाल तर रक्तपेढीत नाव आधीच देऊन ठेवा.