मिक्सर इथेच ठेव

संक्रांतीसाठी सुट्टी काढून जपानहून नाशिकला आले आहे. काल पेठ रोडला मावशीकडे गेले, तर हॉलभर सामान पसरलेलं. मावसबहीण मार्चमध्ये जपानला निघाली आहे, म्हाताऱ्या माणसांच्या शुश्रूषेच्या कामासाठी. तिकडे या कामाला 'काइगो' म्हणतात. अशा कामांसाठी जपानने २०१९ मध्ये वेगळा व्हिसा सुरू केला. त्याच्या परीक्षा तिने नोकरी सांभाळून दिल्या, याचं मला फार कौतुक आहे.

"ताई, मिक्सर नेऊ ना?"

मावशीने तो आधीच टॉवेलात गुंडाळून बॅगेत ठेवला होता.

मी काढायला लावला. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची, तिकडे १००. तीन वर्षांपूर्वी माझ्याही आईने असाच मिक्सर बांधून दिला होता. मी राहते त्या हामामात्सु शहरातल्या खोलीत अडॅप्टर लावून बटण दाबलं, तर पातं नुसतं घुं करून राहिलं. समोर भिजवलेली डाळ, आणि मला एकदम रडू कोसळलं. येऊन चार दिवस झाले होते, त्या चार दिवसांत कुणाशी धड दोन वाक्यं बोलले नव्हते. ते सगळं त्या डाळीपाशी बाहेर आलं.

काळा मसाला, गोडा मसाला, कुकर, हे घे म्हटलं. ओला कढीपत्ता नको, ताज्या पाल्याला तिकडे प्रमाणपत्राशिवाय परवानगी नाही. सर्दी-खोकल्याची औषधं डॉक्टरांना विचारूनच घे. स्यूडोएफेड्रिन ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असलेली औषधं तिथे बंदीत येतात, आणि आपल्या घरात ती सहज सापडतात.

कागदपत्रांचं म्हणाल तर ते होऊन जातं. विमानतळावरच रेसिडेन्स कार्ड हातात देतात. मग राहायला गेल्यापासून चौदा दिवसांत वॉर्ड ऑफिसमध्ये पत्ता नोंदवायचा, तो कार्डाच्या मागे लिहून मिळतो. आरोग्य विम्यात नाव लागलं की दवाखान्याचं ३० टक्के बिल आपलं. बँकेला फोन नंबर हवा आणि फोनवाल्याला बँक खातं, हा गुंता मात्र कंपनीतलं कुणीतरी बरोबर असल्याशिवाय सुटत नाही. लाजू नको, माणूस बरोबर माग, असं मी तिला दोनदा सांगितलं.

घर शोधणं जड गेलं मला. पहिलं वर्ष कंपनीच्या खोलीत काढलं, नंतर स्वतःचं घर बघायला लागले. एजंट माझ्यासमोर बसून घरमालकांना फोन करायचा, "परदेशी आहेत, पण जपानी बोलतात" म्हणायचा, आणि पलीकडचं उत्तर ऐकून हळूच फोन ठेवायचा. तीन घरं अशी गेली. तो माझ्याकडे बघून माफी मागायचा आणि मला काय बोलावं कळायचं नाही. तो अपमान मी अजून विसरले नाही. चौथं घर मिळालं, भाड्याची हमी घेणाऱ्या कंपनीला पैसे भरून. वर 'शिकिकिन' म्हणजे डिपॉझिट आणि 'रेइकिन', म्हणजे मालकाला आभार म्हणून द्यायची रक्कम, जी परत मिळत नाही. पहिल्या घराला तीन-चार महिन्यांच्या भाड्याएवढे पैसे हाताशी ठेवावेच लागतात.

त्या घराने मला शेजारच्या आजी दिल्या. निमित्त कचऱ्याचं. इथे घंटागाडीचं गाणं ऐकू आलं की आई डबा घेऊन फाटकाशी जाते, ओला-सुका वेगळा करते आणि काम संपतं. तिकडे जळणारा कचरा ठरलेल्या दोन वारी, प्लास्टिकचा वार निराळा, बाटल्यांचा निराळा, आणि सकाळी आपणच कोपऱ्यावर नेऊन कावळ्यांनी उचकू नये म्हणून घातलेल्या जाळीखाली ठेवायचा. एकदा माझी पिशवी स्टिकर लावून तिथेच ठेवलेली दिसली. स्टिकर वाचता येईना. संध्याकाळी आजींनी बेल वाजवली. माझ्या ओट्यापाशी उभं राहून त्यांनी एक बाटली हातात घेतली, झाकण काढलं, नखाने लेबल सोललं, आतून विसळली आणि पायाने चेपली. मग दुसरी बाटली माझ्या हातात दिली.

महिनाभराने त्यांना शेंगदाण्याची चटणी नेऊन दिली, सुरीने बारीक केलेली. त्या आत गेल्या आणि 'सुरिबाची' घेऊन आल्या. तीळ कुटायचं मातीचं भांडं असतं ते, आतून बारीक खाचा असलेलं, सोबत लाकडी बत्ता. आज माझं लसूण, खोबरं, मिरची, सगळं त्यात होतं. मिक्सरच्या चटणीपेक्षा मला तीच आवडायला लागली आहे.

भाषेची धास्ती बहिणीला आहे. तिला म्हटलं, मराठी माणसाला जपानी वाक्य परकं नाही. 'नाशिकु कारा किमाशिता', नाशिक-हून-आले, तोच क्रम. तिकडे स्वराशिवाय 'क्' एकटा उभा राहू शकत नाही म्हणून नाशिकचं नाशिकु होतं, आणि 'ळ' नाही म्हणून मिसळचं मिसारु. 'आत्सुइ देसु ने' म्हणजे 'गरम आहे ना'. तो शेवटचा 'ने' आपल्या 'ना'सारखा लावायला लागले तशी दुकानातली माणसंही माझ्याशी दोन शब्द जास्त बोलायला लागली. परीक्षेचं जपानी कामाला लावेल, पण आजी-आजोबांना अंघोळ घालताना हा 'ना'च लागणार आहे.

मे महिन्यात आजी मला नाकाताजिमाला घेऊन गेल्या. समुद्राकाठी वाळूच्या टेकड्या आहेत तिथे. ३ ते ५ मे हामामात्सुत पतंगांचा उत्सव असतो. घरात पहिलं मूल जन्मलं की त्याच्या नावाचा पतंग अख्खा मोहल्ला मिळून उडवतो, आणि मग मोहल्ल्या-मोहल्ल्यांत पेच लागतात. पतंग माणसापेक्षा मोठे, दोर तागाच्या सुतळीसारखे जाड. मांजाला काच लावत नाहीत. दोरावर दोर घासून कापतात. कितीतरी जण दोर ओढत पळतात, बिगुल वाजतात, आणि घासणाऱ्या दोराचा जळका वास येतो. माझं आजोळ पतंगवेड्या येवल्याचं. पतंग कटला आणि माझ्या तोंडून "वकाट!" निघालं, गच्चीवर मामाशेजारी उभी असल्यासारखं. आजी माझ्याकडे वळल्या, शब्द विचारून घेतला आणि पुढच्या पेचाला त्याही ओरडल्या, "वाकातो!"

उद्या येवल्याला जाते आहे. आजींसाठी बांबूची एक आसारी, म्हणजे पतंगाची फिरकी, आणायची आहे, दोर गुंडाळायला उपयोगी पडेल म्हणाल्या होत्या. बहीणही येते म्हणाली. तिच्या बॅगेत मिक्सरची जागा रिकामी आहे, आणि मावशीने तिथे आत्ताच दोन किलो शेंगदाणे ठेवलेत.