दुसरा हात कुठे जातो?

प्रॉडक्ट डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला आम्हाला एका ओळीचं काम मिळालं. घरात रोज लागणारी एक वस्तू निवडायची, ती वापरताना खरोखर त्रास होणारा एक माणूस शोधायचा आणि त्याच्यासाठी ती वस्तू नव्यानं घडवायची. मुदत बारा आठवड्यांची. मी झारी घेतली. कुंड्यांना पाणी घालायची साधी, दोन लिटरची झारी.

माणूस शोधायला लांब जावं लागलं नाही. आमच्या वरच्या मजल्यावर एक आजी राहतात. संधिवातानं बोटांचे सांधे सुजलेत, मूठ पूर्ण मिटत नाही. तरी गॅलरीतल्या चौदा कुंड्या त्या स्वतःच सांभाळतात, कुणाला हात लावू देत नाहीत. मी त्यांना एकदा भेटले, प्रश्न विचारले, वही भरली आणि पुढचे तीन आठवडे कॉम्प्युटरसमोर बसले. झारी सुंदर झाली होती. एका सलग रेषेतून पोट, मान आणि मूठ निघायची. रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेलं फोटोसारखं चित्र, काढला तेव्हा मला स्वतःलाच तो बघत बसावंसं वाटलं.

आढाव्याच्या दिवशी शिकवणाऱ्या मॅडमनी चित्रं शांतपणे पाहिली आणि विचारलं, "ही भरल्यावर किती जड होते?"

मी म्हणाले, "दोन किलो आणि वर झारीचं वजन."

"ते गणित झालं. तू उचलून पाहिलीस का?"

पाहिली नव्हती. त्या संध्याकाळी मी वर्कशॉपमध्ये गेले आणि खऱ्या मापाचं फोमचं मॉडेल करायला घेतलं. फोममध्ये पाणी भरता येत नाही, म्हणून पोट आतून कोरून त्यात पाण्यानं भरलेली दोन लिटरची बाटली बसवली. उचललं आणि मनगट खाली गेलं. स्क्रीनवर इतकी डौलदार दिसणारी मूठ पाण्यापासून फार लांब होती. मोजलं तर मुठीच्या मध्यापासून पाण्याच्या गुरुत्वमध्यापर्यंत १२ सेंटिमीटर भरले. पुढच्या मॉडेलमध्ये तेच अंतर ९ वर आणलं. पाण्याचा एक थेंबही कमी न करता त्या पाण्याचा मनगटावर येणारा पीळ पाव हिश्शानं कमी झाला. पीळ म्हणजे वजन गुणिले अंतर, हे सूत्र शाळेतल्या भौतिकशास्त्रात मी शिकले होते, परीक्षेत त्यावर मार्कही मिळवले होते. पण ते हाताला कळलं ते तेव्हा.

प्रॉडक्ट डिझाइनला जायचं म्हणणारी मुलं मला नेहमी विचारतात, ड्रॉइंग चांगलं असावं लागतं का? लागतं, पण ते सरावानं येतं. दोन वर्षं रोज दोन पानं काढली की पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे कागदावर जवळ-लांब दाखवणं, हातात बसतो. मला वाटतं, त्याहून जास्त लागते ती पुन्हा करायची तयारी. झारीची मी अकरा मॉडेल केली. गरम तारेनं फोम कापायचा, कानशीनं आकार काढायचा, मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरपासून १२०, २४०, ४०० असं चढत जायचं. खळग्यांत फिलरची लांबी भरायची, पुन्हा घासायचं, वर करड्या प्रायमरचा, म्हणजे रंगाआधीच्या थराचा, हात द्यायचा. प्रायमर काही लपू देत नाही. पांढऱ्या फोमवर गुळगुळीत वाटलेली बाजू करडी झाली की तिच्यातला प्रत्येक खळगा सावली धरून उभा राहतो. आमच्या वर्कशॉपचे काका अशा वेळी जवळ येऊन म्हणायचे, "डोळे मिट आणि हात फिरव." डोळे उघडे असताना जी गाठ सापडत नाही, ती मिटल्यावर बोटाला लगेच लागते. मी आजही दुकानात नवी वस्तू हातात घेतली की आधी डोळे मिटते.

चौथं मॉडेल घेऊन मी पुन्हा आजींकडे गेले, आणि या वेळी प्रश्न विचारले नाहीत. त्यांच्या परवानगीनं मोबाइल कोपऱ्यात उभा केला, त्यांची जुनी झारी त्यांच्या हातात दिली आणि गप्प बसले. रात्री तो व्हिडिओ थांबवत थांबवत पाहिला. पहिल्या भेटीत मी वहीत लिहून घेतलं होतं, 'झारी उजव्या हातानं धरतात.' व्हिडिओत दिसत होतं की उजवा हात फक्त दिशा देतो. वजन पेलतो तो डावा. झारी कलंडायला लागली की डावा तळवा बुडाखाली जायचा, आणि बुडाची प्लास्टिकची धार नेमकी अंगठ्याखालच्या मांसल भागात रुतायची. आजींनी मला हे सांगितलं नव्हतं, कारण तो हात तिथे जातो हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. आणखी एक गोष्ट: त्या झारी कधीच पूर्ण भरत नव्हत्या. निम्मी भरायची, दोन कुंड्या, पुन्हा नळाशी. चौदा कुंड्यांना सात फेऱ्या.

मला त्या रात्री झोप लागली नाही. तीन आठवडे मी एका हाताच्या माणसासाठी झारी काढत होते.

पाचव्या मॉडेलपासून बुडाला पुढच्या बाजूनं एक उथळ खोलगा आला, तळवा आत बसेल एवढा, कडा गोल केलेला. मूठही बदलली. सुजलेल्या बोटांना आवळून धरणं जमत नाही, म्हणून बोटं नुसती आत सरकवून झारी त्यांच्यावर लटकती ठेवता आली पाहिजे. त्यासाठी चार बोटांना मिळून १० सेंटिमीटरची मोकळी जागा ठेवली. मूठ माथ्यापासून मागच्या बाजूपर्यंत एका कमानीत नेली, म्हणजे झारी कलंडताना हात पकड न सोडता मागे घसरतो. ही कल्पना माझी नाही. जॉन हॉज या माणसानं १८८६ साली ब्रिटनमध्ये झारीचं पेटंट घेतलं, तेव्हा त्याचंही म्हणणं हेच होतं की झारी उचलायला आणि कलंडवायला सोपी हवी. जुनी पेटंट वाचायची सवय कॉलेजनं लावली त्याबद्दल मी फार ऋणी आहे.

मग प्लास्टिकचा तास आला. प्लास्टिकच्या झाऱ्या बहुतेक करून ब्लो मोल्डिंगनं होतात. गरम, मऊ प्लास्टिकची नळी दोन अर्ध्या साच्यांमध्ये धरतात, साचा मिटतो, आत हवा फुंकतात आणि नळी फुगून साच्याला चिकटते. पोकळ मूठ यात अंगासरशी तयार होते, वेगळी जोडावी लागत नाही. पण नळी जिथे सगळ्यात जास्त ताणली जाते तिथे भिंत पातळ होते, म्हणजे नेमकी बाहेरच्या टोकदार कोपऱ्यांत. माझ्या बुडाचे कोपरे गोल झाले ते दिसण्यासाठी झाले नाहीत. घरातला प्लास्टिकचा कॅन उलटा करून बघा, बुडाला सरळ शिवण दिसेल. साचा मिटताना नळी तिथे चिमटली गेलेली असते. ती शिवण ओळखता आली त्या दिवशी मला एखादी लिपी वाचता यायला लागल्यासारखं वाटलं.

आणि याच तासाला माझी तोटी अडली. आजींची दुसरी तक्रार होती ती थेंबांची. पाणी घालून झारी सरळ केली की शेवटचं पाणी तोटीच्या टोकाखालून मागे वळतं, तोटीवरून ओघळतं आणि फरशीवर पडतं. ओल्या फरशीवर त्यांचा पाय एकदा घसरलाही होता. पाणी हळू वाहतं तेव्हा ते पृष्ठभागाला चिकटून वळण घेतं, चहाची किटली गळते तीही याच कारणानं. टोकाची कड धारदार असली तर पाण्याला वळायला जागा मिळत नाही आणि धार तुटते. पण इतकी बारीक कड ब्लो मोल्डिंगमध्ये नीट येत नाही. म्हणून टोक वेगळं केलं, इंजेक्शन मोल्डिंगचं, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक बंद साच्यात दाबून भरून केलेलं, तोटीवर घट्ट बसणारं. एक भाग वाढला, एक साचा वाढला. परीक्षकांनी त्यावर बरंच विचारलं आणि विचारायलाच हवं होतं. मी ओल्या फरशीचं सांगितलं.

त्याच दिवसांत इतिहासाच्या वर्गात मारियाने ब्रांट भेटली. बाउहाउस ही जर्मनीतली कला आणि डिझाइनची शाळा, १९१९ साली वायमारमध्ये सुरू झाली. ब्रांट तिथे धातूच्या वर्कशॉपमध्ये शिकली आणि १९२८ मध्ये त्याच वर्कशॉपची हंगामी प्रमुख झाली. तिची १९२४ची छोटी किटली पुस्तकांत नेहमी वर्तुळ आणि अर्धगोलाचा नमुना म्हणून दाखवतात. मी ती पाहिली तेव्हा माझं लक्ष आधी तोटीकडे गेलं. थेंब गळू नये अशी तोटी, त्याच कारणासाठी मध्यापासून सरकवलेलं झाकण, हाताला चटका बसू नये म्हणून एबनी लाकडाची उंच मूठ. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी माझ्यासारखीच एक विद्यार्थिनी याच ओघळणाऱ्या थेंबाशी झगडत होती. मी वर्गात चित्राच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिले, सर बोलायचे थांबले तरी मला कळलं नाही.

अकरावं मॉडेल थ्रीडी प्रिंट होतं, थर ०.२ मिलिमीटरचे, आतून इपॉक्सीचा, म्हणजे कडक होणाऱ्या राळेचा, हात दिलेला, म्हणजे पाणी झिरपणार नाही. ते घेऊन मी गेल्या रविवारी वर गेले. आजींनी नळाखाली धरलं, आणि निम्म्यावर नळ बंद केला. सवयीनं. मग माझ्याकडे पाहिलं, पुन्हा नळ सोडला आणि झारी काठोकाठ भरली. डावा तळवा न शोधता खोलग्यात गेला. तुळस, दोन जास्वंदी, कढीपत्ता, एकेक करत पाच कुंड्या झाल्या. सहाव्या कुंडीपाशी त्यांनी झारी सरळ केली, कठड्यावर टेकवली आणि तोटीच्या टोकाखालून बोट फिरवलं.

बोट माझ्यासमोर धरलं. कोरडं होतं.